वेग पायांतून, भार कोपरावर

चेंडू कशाने फेकतात? वर्गात हा प्रश्न विचारला तर मुले हसतील आणि म्हणतील, ‘हाताने!’ उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. फेकण्याच्या क्रियेत हात हा शेवटचा आणि सर्वांत नाजूक दुवा असतो. वेग तयार होतो तो मुख्यतः पाय, कंबर आणि धड यांच्यात. तो चेंडूपर्यंत पोहोचवताना सर्वांत कठीण काम करावे लागते ते कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा पट्ट्याला. हे कसे घडते ते समजून घ्यायला अमेरिकेतल्या बेसबॉलचे उदाहरण फार चांगले आहे, कारण त्या खेळातल्या फेकीचा अभ्यास शास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी अनेक वर्षे बारकाईने केला आहे. आणि त्या अभ्यासाची किंमत तिथल्या अनेक शाळकरी मुलांच्या कोपरांनी मोजली आहे.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून आधी थोडी ओळख. चेंडू टाकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात. तो आपल्या गोलंदाजासारखाच, पण तीन फरक आहेत. पहिला, त्याला धावत येता येत नाही. मैदानात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीचा मातीचा उंचवटा असतो. त्यावर बसवलेल्या रबरी पट्टीला मागचा पाय लावून, एकच पाऊल पुढे टाकून, त्याला चेंडू फेकावा लागतो. दुसरा, चेंडू टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे जातो. तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना गोलंदाजाचे कोपर १५ अंशांहून जास्त सरळ झाले तर चेंडू अवैध ठरतो. पिचरवर असे बंधन नाही. काटकोनात वाकलेले कोपर तो झटक्यात सरळ करतो. त्यामुळे वेगवान गोलंदाजाची दुखणी बहुधा पाठीच्या कण्यात दिसतात, तर पिचरची खांद्यात आणि कोपरात.

थोडे गणित

बेसबॉलचा चेंडू सुमारे १४५ ग्रॅमचा असतो. चांगला पिचर तो सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर वेगाने सहज टाकतो. (२०१० साली अरोल्डिस चॅपमन याच्या एका चेंडूचा वेग ताशी १६९ किलोमीटर नोंदला गेला.) पट्टीपासून फलंदाजासमोरच्या पाटापर्यंतचे अंतर १८.४४ मीटर. पाऊल पुढे पडलेले असल्याने चेंडू हातातून सुटतो तो त्याच्याही पुढे. म्हणजे फलंदाजापर्यंत पोहोचायला त्याला जेमतेम ०.४ सेकंद लागतात.

आता या चेंडूची गतिज ऊर्जा काढू. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ०.५ × ०.१४५ × १६००. उत्तर येते ११६ ज्यूल. ही ऊर्जा काही फार नाही. साधारण १२ किलो वजन एक मीटर उचलायला एवढीच लागते. गंमत आहे ती वेळेत. यातली बहुतेक ऊर्जा चेंडूला मिळते ती सुटण्यापूर्वीच्या सुमारे ०.०५ सेकंदात. ११६ ला ०.०५ ने भागा. शक्ती येते २३०० वॅटच्या आसपास, म्हणजे तीन अश्वशक्ती! विहिरीवर बसवतात त्या लहान पंपाइतकी. शिवाय चेंडूबरोबर हातालाही गती द्यावी लागते, ती वेगळीच.

खांद्याभोवतीचे स्नायू एवढी शक्ती स्वतःच्या बळावर देऊ शकत नाहीत. मग ती येते कोठून?

जमिनीपासून बोटांपर्यंतची साखळी

शेतात पाखरे उडवायला गोफण वापरतात, ती आठवा. हात तुलनेने सावकाश फिरतो, पण दोरीच्या टोकाचा दगड सणसणत जातो. आसुडाचेही तसेच. मूठ थोडीशी हलते आणि टोक कडाडते. जड आणि सावकाश भागाची गती हलक्या भागाकडे सोपवत गेले की वेग वाढत जातो. पिचरचे शरीर हेच करते. अभ्यासक या क्रियेचे सहा टप्पे पाडतात.

पहिला टप्पा तयारीचा. उजव्या हाताचा पिचर डावा गुडघा वर उचलतो आणि उजव्या पायावर तोल सांभाळतो. दुसरा टप्पा पाऊल टाकण्याचा. उजव्या पायाने जमिनीला मागे रेटून तो पुढे झेपावतो. हे पाऊल लांब असते, त्याच्या उंचीच्या जवळजवळ ८० ते ९० टक्के. याच वेळी दोन्ही हात एकमेकांपासून दूर जातात.

पुढचे पाऊल जमिनीवर टेकते तो क्षण निर्णायक. सायकलचा पुढचा ब्रेक एकदम दाबला तर सायकल थांबते आणि वरचा माणूस पुढे फेकला जातो. इथे पुढचा पाय ब्रेकचे काम करतो. पुढे जाणारे शरीर त्या पायावर अडते आणि सरळ रेषेतली गती फिरण्याच्या गतीत बदलते. आधी कंबर फिरते, सेकंदाला सुमारे ६०० अंश या वेगाने. छाती आणि खांदे अजून मागेच असतात. त्यामुळे पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताणले जातात आणि मग धड फिरते, कंबरेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने.

हा तिसरा टप्पा. धड पुढे येत असताना वाकलेल्या कोपराचा हात मागे राहतो. अग्रबाहू, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, मागे इतका झुकतो की तो जवळजवळ जमिनीला समांतर होतो. छायाचित्रात हा क्षण पाहिला तर हात मोडला की काय असे वाटते. खांद्याचे स्नायू, कंडरा आणि बंध या वेळी बेचकीच्या रबराप्रमाणे ताणलेले असतात. नील रोच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की खांद्यात अशी ऊर्जा साठवता येणे हेच माणसाच्या वेगवान फेकीचे रहस्य आहे. चिंपांझी आपल्यापेक्षा बळकट असतो, पण त्याच्या खांद्याची रचना निराळी असल्याने त्याची फेक ताशी ३० किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही.

चौथा टप्पा म्हणजे बेचकी सुटण्याचा. कोपर सरळ होते आणि दंड खांद्यात आतल्या बाजूला फिरतो, सेकंदाला ७००० अंशांहून अधिक वेगाने. याच वेगाने फिरत राहिला असता तर त्याने सेकंदाला १९ पेक्षा जास्त फेरे केले असते. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण पाच-सहा फेरे करतो. मानवी शरीराच्या मोजल्या गेलेल्या हालचालींत ही सर्वांत वेगवान मानली जाते.

चेंडू सुटला तरी काम संपत नाही. पाचव्या टप्प्यात या हाताला आवरावे लागते. तो खांद्यातून निखळू पाहतो आणि त्याला धरून ठेवायला १००० न्यूटनपेक्षा जास्त बल लागते. म्हणजे खुद्द पिचरच्या वजनाहून जास्त. सहाव्या टप्प्यात हात अंगासमोरून पलीकडच्या बाजूला जातो आणि धड पुढे वाकते. झेल घेताना आपण हात मागे नेतो, तसेच हे आहे. थांबायला वेळ आणि अंतर जास्त मिळाले की लागणारे बल कमी होते.

कोपराच्या आत काय घडते?

आता तिसऱ्या टप्प्याच्या शेवटाकडे परत जाऊ. दंड धडाबरोबर पुढे निघाला आहे, अग्रबाहू मागे राहिला आहे. दार बिजागरीच्या दिशेने उघडते आणि मिटते. तेच दार कोणी वरच्या कोपऱ्याला धरून बाजूला वाकवू लागले तर बिजागरीवर भलताच ताण येईल. कोपर ही अशीच बिजागरी आहे. फेकताना तिच्यावर जो पीळ पडतो तो वाकण्याच्या दिशेने नसून बाजूने असतो. आतली बाजू, म्हणजे करंगळीच्या अंगाची बाजू, उघडू पाहते आणि बाहेरची बाजू एकमेकीवर दाबली जाते.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम येथे क्रीडावैद्यकाची एक संस्था १९८७ पासून काम करते आहे. तिथे ग्लेन फ्लायसिग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिचरांच्या अंगावर चमकत्या खुणा लावून वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांच्या फेकींचे चित्रण केले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मापनात कोपरावरचा हा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरला. याचा अर्थ काय? दंड आडवा, कोपर काटकोनात आणि अग्रबाहू मागे झुकून आडवा झालेला, अशी कल्पना करा. आता तळहातापाशी, कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर, सुमारे १८ किलोचे ओझे टांगा. पाण्याने भरलेल्या १५ लिटरच्या बादलीपेक्षा थोडे जास्तच. एका सामन्यात असे ९०-१०० वेळा.

या पिळाला तोंड देतो तो आतल्या बाजूचा एक अस्थिबंध. दंडाच्या हाडाला अग्रबाहूच्या हाडाशी जोडणारा हा चिवट पट्टा आहे. कोपर काटकोनात असताना बाजूच्या पिळाचा निम्म्याहून थोडा जास्त वाटा तो एकटा उचलतो. म्हणजे ६४ पैकी सुमारे ३५. आणि मृतदेहांच्या कोपरांवर प्रयोग केले तेव्हा हा बंध तुटला तो सुमारे ३२ न्यूटन-मीटरला!

हिशोबाप्रमाणे प्रत्येक वेगवान फेकीत बंध तुटायलाच हवा. तो तुटत नाही, कारण अग्रबाहूच्या आतल्या बाजूचे स्नायू नेमक्या वेळी आकसून भार वाटून घेतात. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे. स्नायू थकतात. स्नायू थकले की त्यांच्या वाट्याचा भार बंधावर येतो. तिथे एकेक तंतू तुटत जातो. विश्रांती मिळाली तर शरीर डागडुजी करते. ती मिळाली नाही तर एके दिवशी एरवीसारख्याच एका फेकीत पट्टा जातो.

टॉमी जॉनचा डावा हात

टॉमी जॉन या पिचरच्या बाबतीत १९७४ च्या जुलै महिन्यात असेच झाले. तो ३१ वर्षांचा होता आणि डाव्या हाताने खेळत असे. तोवर ही दुखापत म्हणजे पिचरच्या खेळाचा शेवट. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी एक नवीच शस्त्रक्रिया केली. जॉनच्या उजव्या हाताच्या मनगटाकडची एक कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोके पाडली आणि ती कंडरा त्यांतून ओवून नवा बंध तयार केला. यशाची शक्यता शंभरात एक, असे डॉक्टरांचे मत होते. जॉन १९७५ चा पूर्ण हंगाम बाहेर बसला, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

ही कंडरा वर्गात पाहता येते. हात टेबलावर उताणा ठेवा, अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवा आणि मनगट किंचित वर वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. काही मुलांच्या हातात ती दिसणार नाही, काहींच्या एकाच हातात दिसेल. ती नसली तरी पकडीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही, म्हणूनच ती काढून दुसरीकडे वापरता येते.

आज या शस्त्रक्रियेला टॉमी जॉनचेच नाव आहे. २०१२ च्या हंगामातल्या पाहणीत अमेरिकेच्या सर्वोच्च स्तरावरील दर चार पिचरांमागे एकाची ती झालेली आढळली. तिच्या यशामुळे एक गैरसमजही पसरला, की शस्त्रक्रियेने हात पहिल्यापेक्षा जोरदार होतो. तसे नाही. दुरुस्ती होते, आणि तिला वर्षभराहून अधिक काळ लागतो.

चांगली पद्धत म्हणजे काय?

साखळीत एखादा दुवा निसटला की वेग कमी होतो. मग तो भरून काढायला खेळाडू हाताने जोर लावतो. म्हणून बहुतेक बाबतींत परिणामकारक पद्धत आणि सुरक्षित पद्धत एकच असते. पाहण्यासारख्या गोष्टी अशा :

१. पुढचे पाऊल लक्ष्याच्या रेषेत पडावे, चवडा किंचित आत वळलेला असावा. पाऊल फार बाहेर पडले तर कंबर वेळेआधी उघडते आणि तिची गती वाया जाते. फार आत पडले तर अंगाच्या आडवे फेकावे लागते.

२. पाऊल टेकताना कोपर खांद्याच्या उंचीवर आलेले असावे आणि हात वर उठलेला असावा. हात उशिरा पोहोचला तर धड पुढे जाते आणि हाताला मागून ओढत यावे लागते.

३. आधी कंबर, मग धड, मग हात. धड लवकर फिरवणाऱ्यांच्या कोपरावर जास्त पीळ पडतो, असे मापनांत दिसले आहे.

४. पुढचा गुडघा टेकताना थोडा वाकलेला असावा आणि चेंडू सुटताना ताठ होत जावा. तो खचत गेला तर ब्रेक लागत नाही.

५. चेंडू सोडल्यावर हात मध्येच थांबवू नये. त्याला पलीकडच्या गुडघ्यापर्यंत जाऊ द्यावे.

मात्र उत्तम पद्धतीचा खेळाडूही या भारातून पूर्ण सुटत नाही. वेग वाढला की पीळ वाढतोच. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो : किती फेकी?

मुलांचा प्रश्न वेगळा का?

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात. हाड वाढते ते तिथे. कोपराच्या आतल्या उंचवट्याचा थर हाडात रूपांतरित व्हायला वयाची १५ ते १७ वर्षे उजाडतात. तोवर ही कूर्चा बंधापेक्षाही कमकुवत असते. मोठ्यांचा बंध तुटतो, तर मुलांच्या हाडाचा तुकडाच ओढला जाऊन सुटू लागतो.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया करावी लागलेल्या किशोरवयीन पिचरांची तुलना निरोगी पिचरांशी केली होती. वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त सामने खेळणाऱ्यांना धोका पाचपट होता. हात थकलेला असूनही नेहमी फेकत राहणाऱ्यांना तो ३६ पट! ९ ते १४ वर्षांच्या ४८१ मुलांवर दहा वर्षे लक्ष ठेवून २०११ साली मांडलेल्या निष्कर्षात, वर्षाला १०० पेक्षा जास्त डाव टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला. मनगट पिळून चेंडू वळवल्याने कोपर बिघडते असा जुना समज होता. प्रयोगशाळेत मोजले तेव्हा अशा चेंडूचा पीळ वेगवान चेंडूपेक्षा जास्त भरला नाही. खरा दोषी निघाला अतिरेक.

जपानमधले उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये कोशिएन येथील शालेय स्पर्धेत दाइसुके मात्सुझाका या मुलाने उपउपांत्य सामन्यात १७ डावांत २५० चेंडू टाकले. आदल्या दिवशीही तो पूर्ण सामना खेळला होता. देशाने त्याला डोक्यावर घेतले. पुढे तो अमेरिकेत गाजला आणि २०११ मध्ये त्याच्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. ती त्या एका दिवसामुळेच झाली असे म्हणता येणार नाही, पण अशा पराक्रमांचे कौतुक करावे का, हा प्रश्न जपानमध्ये विचारला जाऊ लागला. २०२० पासून तिथल्या शालेय स्पर्धांत एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा आहे.

अमेरिकेतल्या मुलांच्या ‘लिटल लीग’ने २००७ पासून दिवसाची मर्यादा घातली. ९-१० वर्षांच्या मुलांना ७५ चेंडू, ११-१२ वर्षांच्यांना ८५, १३ ते १६ वर्षांच्यांना ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती सक्तीची.

आपल्या मैदानावर

आपल्या शाळांत पिचर नाहीत, पण भालाफेक आहे आणि सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकणारी मुले तर असंख्य आहेत. क्रिया तीच, बंधही तोच. कोपराच्या या बंधाच्या दुखापतीचे सुरुवातीचे वर्णन १९४६ साली आले ते भालाफेकपटूंविषयीच. आपल्या नीरज चोप्राच्या कोपरावरही २०१९ साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भारतीय तरुण बेसबॉल कधी न खेळता अमेरिकी संघात निवडले गेले, तेही भालाफेक करणारेच होते.

साखळीचा प्रयोग मैदानावर सहज होतो. हलका रबरी चेंडू घ्या. मुलाला हात सैल करायला लावा आणि पूर्ण जोर न लावता चार प्रकारे फेकायला सांगा : खुर्चीवर ताठ बसून, गुडघ्यांवर उभे राहून धड फिरवत, पाय न हलवता उभ्याने, आणि पाऊल पुढे टाकून. प्रत्येकी तीन फेकी, मध्ये विश्रांती. अंतरे मोजा, सरासरी काढा, आलेख काढा. हात चारही वेळा तोच होता. मग अंतर कशाने वाढले, हे मुलांनाच सांगू द्या.

आणखी एक गोष्ट करता येईल. सराव चालू असताना एका मुलाला वही देऊन जोरदार फेकी मोजायला बसवा. चेंडू वर-वर जाऊ लागला, कोपर खाली येऊ लागले, मूल खांदा चोळू लागले की मर्यादा उरली असली तरी फेक थांबवा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखते असे मुलाने सांगितले तर ती रड समजू नका. दुखणे टिकून राहिले तर डॉक्टरांना दाखवा. कोपर दुखते हे न घाबरता सांगता येईल असे वातावरण मैदानावर ठेवणे, हे काम कोणत्याही यंत्राला जमणारे नाही. ते शिक्षकालाच करावे लागते.